व्हीलॅनवरच्या वायफायला आयपी मिळत नाही? डिस्कव्हर कुठपर्यंत पोहोचतो ते आधी पाहा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. दोन मजली कार्यालय. तळमजल्यावर राउटर आणि मुख्य स्विच, वरच्या मजल्यावर एक छोटा मॅनेज्ड स्विच, दोन्ही मजल्यांवर अ‍ॅक्सेस पॉइंट. एसएसआयडी, म्हणजे वायफायची नावं, तीन आहेत. कर्मचाऱ्यांचं नेटवर्क अनटॅग्ड, पाहुण्यांचं व्हीलॅन २० वर आणि कॅमेरे, सेन्सर वगैरे उपकरणांचं व्हीलॅन ३० वर. (व्हीलॅन म्हणजे त्याच केबल आणि स्विचवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क. त्याच्या प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, व्हीलॅनच्या क्रमांकाचा टॅग असतो. अनटॅग्ड म्हणजे तो टॅग नसलेलं.) तिन्हींसाठी डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सेवा, राउटरवरच चालतो. कर्मचाऱ्यांना सगळीकडे पत्ता मिळतो. पाहुण्यांना तळमजल्यावर मिळतो, पण वर फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावरच अडकतो आणि लॅपटॉप १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवतो. उपकरणांपैकी काही दिवसाभराने गळतात. तुम्ही राउटर रीस्टार्ट केलात, पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) वाढवलात, वरचा अ‍ॅक्सेस पॉइंट रीसेट केलात, तरी फरक पडला नाही. आता विचारताय की डीएचसीपी वेगळ्या सर्व्हरवर हलवावा का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: सध्या नको. कारण पुढे येईलच.

तुमच्या वर्णनात एक वाक्य ओझरतं आलंय, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं तेच आहे. वरच्या मजल्यावर लॅपटॉपला हाताने पत्ता देऊन पाहिला, तरी गेटवेला, म्हणजे राउटरला, पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जात नव्हता. हे खरं असेल, तर अडचण बहुधा डीएचसीपीची नाहीच. डीएचसीपी फक्त पहिला तक्रार करतो, कारण नेटवर्कवर आल्यावर उपकरणाला सर्वात आधी त्याचीच गरज पडते. मधला रस्ताच तुटलेला असेल, तर पूल कितीही वाढवा, विनंती राउटरपर्यंत पोहोचणारच नाही.

तो १६९.२५४ चा पत्ताही नीट समजून घ्या. तो कोणत्याही सर्व्हरने दिलेला नसतो. विचारूनही कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून लॅपटॉपने तो स्वतःच निवडलेला असतो. त्यावरून ‘उत्तर आलं नाही’ एवढंच कळतं. विनंती पोहोचली नाही, की पोहोचली पण उत्तर वाटेत हरवलं, हे त्यावरून कळत नाही. सगळा शोध या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठीच करायचा असतो.

पत्ता मिळण्याची देवाणघेवाण चार टप्प्यांची असते: डिस्कव्हर (कोणी पत्ता देतं का?), ऑफर (हा पत्ता घे), रिक्वेस्ट (तोच द्या) आणि अ‍ॅक (दिला). उपकरण यूडीपीच्या ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतं, सर्व्हर ६७ वर ऐकतो. उपकरणाकडे अजून पत्ता नसल्यामुळे डिस्कव्हर सगळ्यांना उद्देशून, म्हणजे ब्रॉडकास्ट जातो, आणि ब्रॉडकास्ट आपल्या व्हीलॅनबाहेर जात नाही. म्हणून फोनपासून राउटरपर्यंतच्या प्रत्येक जोडावर व्हीलॅन २० अखंड असायला हवा. तुमच्या मांडणीत असे जोड चार आहेत: अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये एसएसआयडीला व्हीलॅन जोडलेला असणं, अ‍ॅक्सेस पॉइंट ते वरचा स्विच, वरचा स्विच ते मुख्य स्विच, आणि मुख्य स्विच ते राउटर. तळमजल्यावर पाहुण्यांना पत्ता मिळतोय, म्हणजे शेवटचा जोड आणि राउटरवरचा पूल दोन्ही ठीक आहेत. उरले पहिले तीन.

कर्मचाऱ्यांचं नेटवर्क वर चालतं म्हणून ‘केबल आणि स्विच तर बरोबरच आहेत’ असा निष्कर्ष तुम्ही काढलात. तो पुरेसा नाही. ते नेटवर्क अनटॅग्ड आहे आणि बहुतेक स्विच कारखान्यातून येतानाच अनटॅग्ड वाहतूक प्रत्येक पोर्टवर जाऊ देतात. टॅग असलेल्या फ्रेमसाठी मात्र प्रत्येक जोडावर स्पष्ट परवानगी द्यावी लागते. अनटॅग्ड चालतंय आणि टॅग्ड चालत नाही, हे चित्र दिसलं की मी सर्वात आधी दोन स्विचमधला दुवा तपासतो. अ‍ॅक्सेस पॉइंटचा पोर्ट लोक आठवणीने ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारा, करतात. स्विच ते स्विच हा दुवा आधीपासून ‘चालू’ असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. आणखी एक बारकावा असा, की काही स्विचवर ट्रंकच्या यादीत व्हीलॅन २० लिहिणं पुरत नाही. तो व्हीलॅन त्या स्विचवर आधी तयार केलेला असावा लागतो. तो नसेल तर यादीत परवानगी दिसते, पण फ्रेम मुकाट्याने टाकून दिल्या जातात.

हे पडताळण्याची माझी आवडती पद्धत अगदी साधी आहे आणि तिच्यात एकही सेटिंग बदलावं लागत नाही: स्विचचं मॅक टेबल, म्हणजे कोणत्या उपकरणाचा मॅक (हार्डवेअर पत्ता) कोणत्या पोर्टवर आणि व्हीलॅनमध्ये दिसला याची यादी, वाचायचं. फोन वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडा आणि त्याला पत्त्यासाठी प्रयत्न करत राहू द्या. मग वरच्या स्विचच्या टेबलात त्या फोनचा मॅक शोधा. मॅक मात्र त्या वायफाय नेटवर्कच्या तपशिलातून घ्या, फोनच्या सामान्य माहितीतून नको. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनवलेला मॅक वापरतात. खरा मॅक शोधत बसलात तर तो सापडणार नाही आणि तुम्ही चुकीच्या निष्कर्षावर जाल.

आता टेबल काय सांगतं ते पाहा. वरच्या स्विचवर तो मॅक व्हीलॅन २० मध्ये, अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोर्टवर दिसला, तर पहिले दोन जोड ठीक आहेत. मग मुख्य स्विचचं टेबल उघडा. तिथे तो दिसत नसेल, तर बिघाड दोन स्विचच्या मधेच आहे. वरच्या स्विचवर तो व्हीलॅन १ मध्ये किंवा तुमच्या अनटॅग्ड व्हीलॅनमध्ये दिसला, तर अ‍ॅक्सेस पॉइंट टॅग लावतच नाहीये. रीसेटनंतर एसएसआयडीचं नाव आणि पासवर्ड परत भरला जातो आणि व्हीलॅनचा रकाना रिकामा राहतो, हे वारंवार घडतं. वरच्या स्विचवर तो मॅक कुठेच नसेल, तर एकतर फोन वायफायच्याच पातळीवर अडकलाय, किंवा त्या पोर्टवर व्हीलॅन २० ला परवानगी नाही. टेबलातल्या नोंदी बऱ्याच स्विचवर पाच मिनिटांत पुसल्या जातात, त्यामुळे फोनचा प्रयत्न चालू असतानाच पाहा.

अनटॅग्ड व्हीलॅनमध्ये मॅक दिसण्याची एक गंभीर बाजू आहे. अशा वेळी पाहुण्याला पत्ता मिळतो, पण कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कचा. सगळं चालतंय म्हणून कोणी तक्रार करत नाही आणि बाहेरचा माणूस आतल्या फाइल सर्व्हरशेजारी येऊन बसतो. ट्रंकच्या दोन टोकांना नेटिव्ह व्हीलॅन (टॅग नसलेल्या फ्रेम ज्यात जातात तो) वेगवेगळा असला तरीही असंच होऊ शकतं. म्हणून दुरुस्ती झाल्यावर ‘पत्ता मिळाला’ एवढ्यावर थांबू नका. तो योग्य नेटवर्कचा आहे ना, हे प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटखाली उभं राहून पाहा. पत्ता न मिळणं गैरसोयीचं आहे, चुकीच्या नेटवर्कचा मिळणं धोक्याचं आहे.

हाताने पत्ता देऊन केलेल्या चाचणीवर मी इतका भर देतोय, तर तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पाहुण्यांच्या नेटवर्कवर फायरवॉल अनेकदा गेटवेचा पिंग मुद्दाम अडवतो. त्यामुळे पिंग गेला नाही म्हणजे रस्ता तुटला, असं लगेच म्हणता येत नाही. पिंग केल्यावर लॅपटॉपचं एआरपी टेबल (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक कोणता याची यादी) पाहा. तिथे गेटवेच्या पत्त्यासमोर मॅक आला असेल, तर रस्ता दोन्ही दिशांनी उघडा आहे, फक्त पिंग बंद आहे. मॅक आलाच नसेल, तर रस्ता तुटल्याची शक्यता फार वाढते. एक अपवाद आहे. काही वायफाय कंट्रोलरवर ‘डीएचसीपीनेच पत्ता घेतला पाहिजे’ असं सेटिंग असतं. ते चालू असेल तर हाताने पत्ता दिलेल्या लॅपटॉपची वाहतूक अ‍ॅक्सेस पॉइंटवरच अडते आणि ही चाचणी दिशाभूल करते. अशा वेळी वायफाय बाजूला ठेवा, वरच्या स्विचचा एक मोकळा पोर्ट व्हीलॅन २० चा अ‍ॅक्सेस पोर्ट (त्या एकाच व्हीलॅनचा, टॅग नसलेला) करा आणि लॅपटॉप केबलने जोडा. केबलवर पत्ता मिळाला तर स्विचचा भाग निर्दोष, आणि संशय अ‍ॅक्सेस पॉइंट व त्याच्या पोर्टवर येतो. केबलवरही मिळाला नाही, तर वायफायकडे पाहण्याची गरजच नाही.

काही गोष्टी तुमच्या सामानावर अवलंबून आहेत. तुमचे अ‍ॅक्सेस पॉइंट वाहतूक जागच्या जागी स्विचवर सोडत असतील, तर वरचं सगळं लागू आहे. पण काही मांडण्यांमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट सगळी वाहतूक बोगद्यातून कंट्रोलरकडे नेतो आणि व्हीलॅनचा टॅग तिथे लागतो. तसं असेल तर वरच्या स्विचवर व्हीलॅन २० असण्याची गरज नाही, तो कंट्रोलरच्या पोर्टवर लागतो. वरचा अ‍ॅक्सेस पॉइंट केबलऐवजी मेशने जोडलेला असेल, तर त्या बिनतारी दुव्यावरून टॅग जातात का, हे वेगळं तपासावं लागेल. सगळी मेश उपकरणं ते करत नाहीत. आणि लॉगिननुसार व्हीलॅन ठरत असेल, म्हणजे रेडियस सर्व्हर सांगतो की या माणसाला अमुक व्हीलॅन द्या, तर एकाच एसएसआयडीवर एकाला पत्ता मिळेल आणि शेजारच्याला मिळणार नाही. तिथे रेडियसने पाठवलेला क्रमांक आणि स्विचवरचे व्हीलॅन यांचा मेळ पाहावा लागतो.

मॅक टेबलवरून रस्ता उघडा दिसला आणि तरीही पत्ता मिळत नसेल, तरच पॅकेट पकडायला बसा. राउटरवर टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारं साधन) असेल तर ६७ आणि ६८ पोर्टवर नजर ठेवा. इथे बरेच जण फसतात. राउटरच्या मूळ इंटरफेसवर पकडताना फक्त पोर्टचा फिल्टर लावला, तर टॅग असलेल्या फ्रेम त्यात बसत नाहीत. फिल्टरमध्ये आधी ‘व्हीलॅन’ हा शब्द द्यावा लागतो. व्हीलॅन २० च्या उप-इंटरफेसवर पकडलंत तर टॅग आधीच निघालेला असतो आणि साधा फिल्टर चालतो. विंडोज लॅपटॉपवर पकडत असाल, तर बरेच नेटवर्क ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात, त्यामुळे तिथे टॅग दिसला नाही म्हणजे तो केबलवर नव्हता असं समजू नका.

राउटरवर डिस्कव्हर दिसलाच नाही, तर परत रस्त्याकडे वळा. डिस्कव्हर दिसतो आणि ऑफर निघत नाही, तर दोष राउटरचा: पूल संपलाय, त्या इंटरफेसवर डीएचसीपी चालू नाही, किंवा फायरवॉल पाहुण्यांच्या बाजूने ६७ पोर्टवर येणारं सगळं अडवतोय. हे शेवटचं कारण नवीन गेस्ट नेटवर्क बनवताना फार आढळतं. पाहुण्यांनी राउटरला हात लावू नये म्हणून सगळं बंद केलं जातं आणि त्यात डीएचसीपी व डीएनएसही बंद होतात. तुमच्याकडे तळमजल्यावर चालतंय, त्यामुळे हा दोष तुमचा नाही.

ऑफर निघते आणि तरीही फोन परत परत डिस्कव्हरच पाठवतो, हे सर्वात चक्रावणारं दृश्य. प्रत्येक देवाणघेवाणीला एक व्यवहार-क्रमांक असतो. डिस्कव्हर आणि ऑफरचा क्रमांक एकच आहे ना, हे जुळवून पाहा. जुळत असेल तर उत्तर परतीच्या वाटेवर हरवतंय. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू असेल तर पहिला संशय त्यावर. स्नूपिंग फक्त ‘विश्वासू’ पोर्टवरून आलेली ऑफर पुढे जाऊ देतं. वरच्या स्विचचा मुख्य स्विचकडे जाणारा पोर्ट विश्वासू म्हणून नोंदवलेला नसेल, तर डिस्कव्हर बिनदिक्कत जाईल आणि ऑफर तिथेच मरेल.

स्नूपिंग नसेल तर शेवटचा टप्पा म्हणजे हवा. फोनकडून अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जाणारी फ्रेम एकाच प्राप्तकर्त्यासाठी असते, तिची पोच मिळते, पोच मिळाली नाही तर ती पुन्हा पाठवली जाते. अ‍ॅक्सेस पॉइंटकडून येणाऱ्या ब्रॉडकास्टला मात्र पोच नसते. तो सामायिक ग्रुप कीने कूटबद्ध होतो, आणि झोपेत असलेल्या उपकरणांसाठी ठरावीक क्षणापर्यंत थोपवून ठेवला जातो. म्हणून जाणं विश्वसनीय आणि येणं कमकुवत, असा असमतोल वायफायमध्ये मुळातच आहे. ऑफर ब्रॉडकास्ट होणार की थेट त्या फोनला जाणार, हे फोनने डिस्कव्हरमध्ये लावलेल्या एका खुणेवर ठरतं. त्यामुळे एकाच जागी एका कंपनीचा फोन जोडला जातो आणि दुसरीचा नाही, असंही दिसतं. अ‍ॅक्सेस पॉइंटवर ब्रॉडकास्ट रोखण्याचं किंवा त्याचं थेट फ्रेममध्ये रूपांतर करण्याचं सेटिंग असेल, तर ते एकदा उलटं करून पाहा.

नाक मिळत असेल, म्हणजे सर्व्हर स्पष्ट नकार देत असेल, तर बहुतेक वेळा उपकरण दुसऱ्या व्हीलॅनवरचा जुना पत्ता मागत असतं. सर्व्हरने नकार दिला की ते शहाणपणाने नव्याने सुरुवात करतं. काही सर्व्हर स्वतःला त्या नेटवर्कचा अधिकृत मानत नाहीत आणि गप्प राहतात. मग उपकरण जुन्याच पत्त्याची वाट पाहत राहतं आणि एका एसएसआयडीवरून दुसरीवर गेल्यावर पत्ता मिळायला उशीर होतो.

आता तुमची गळणारी उपकरणं. ‘दिवसाभराने’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लीजची, म्हणजे पत्ता वापरायच्या परवानगीची, मुदत २४ तास आहे असं धरतो. उपकरण मुदतीच्या निम्म्यावर, म्हणजे १२ तासांनी, थेट सर्व्हरकडे नूतनीकरण मागतं. तेव्हा जमलं नाही तर ८७.५ टक्क्यांवर, म्हणजे २१ तासांनी, ब्रॉडकास्टने कोणत्याही सर्व्हरला विचारतं. दोन्ही फसलं तरच २४ व्या तासाला पत्ता सोडतं. म्हणजे बिघाड उपकरण गळालं त्या क्षणी झालेला नसतो, त्याच्या आधी कित्येक तास झालेला असतो. माझा अंदाज असा की ही उपकरणं तळमजल्याच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर पत्ता घेतात, कधीतरी वरच्याकडे सरकतात, आणि तिथे व्हीलॅन ३० चा रस्ताही व्हीलॅन २० सारखाच तुटलेला असतो. उपकरणाकडे पत्ता असतो, पण त्याचं कोणाशीच बोलणं होत नाही, आणि मुदत संपली की पत्ताही जातो. पडताळणं सोपं आहे: पुढच्या वेळी उपकरण गळालं की ते कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर होतं ते पाहा. नेहमी वरचाच निघाला, तर दोन तक्रारींचं मूळ एकच. तळमजल्यावरचीही गळत असतील तर माझा अंदाज चुकीचा आणि वरचा ‘झोपेतली उपकरणं’ हा धागा पकडावा लागेल.

पाहुण्यांच्या पूलबद्दल एक सूचना, तुमच्या आजच्या बिघाडाशी संबंध नसला तरी. फोन बनवलेला मॅक वापरतात आणि काही वेळा तो बदलतातही, त्यामुळे एकच माणूस अनेक पत्ते अडवू शकतो. /२४ च्या नेटवर्कमध्ये वापरण्याजोगे पत्ते २५४ च असतात. पूल वाढवण्यापेक्षा पाहुण्यांची लीज दोन-तीन तासांवर आणणं मला जास्त योग्य वाटतं. कॅमेऱ्यांची लीज मात्र लांब ठेवा, ते कुठे जात नाहीत.

आणि वेगळा सर्व्हर का नको? डीएचसीपी राउटरवरून हलवून दुसऱ्या नेटवर्कवरच्या सर्व्हरवर नेला, तर ब्रॉडकास्ट तिथे पोहोचवण्यासाठी राउटरवर रिले लागतो. रिले विनंतीत आपल्या त्या व्हीलॅनवरच्या इंटरफेसचा पत्ता लिहितो, सर्व्हर त्यावरून स्कोप (त्या नेटवर्कसाठी नेमलेले पत्ते) निवडतो आणि उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवतो. म्हणजे प्रत्येक व्हीलॅनसाठी जुळणारा स्कोप हवा, सर्व्हरकडे रिलेच्या पत्त्यापर्यंत परतीचा मार्ग हवा, आणि मधल्या फायरवॉलने दोघांमधलं ६७ पोर्टवरचं बोलणं जाऊ द्यायला हवं. स्कोप नसला तर सर्व्हर चुकीचं काही सांगत नाही, फक्त गप्प बसतो. पत्ते खूप झाले, नोंदी एका जागी हव्या असल्या, तर हा बदल जरूर करा. पण आज तुमच्या वरच्या मजल्यावर फ्रेमच पोहोचत नसताना तो केलात, तर तपासायच्या जागा वाढतील आणि बिघाड आहे तिथेच राहील.

तेव्हा पुढचं काम या क्रमाने करा. आणखी काही बदलण्याआधी दोन्ही स्विचच्या आणि राउटरच्या सेटिंगची प्रत जतन करा. वरच्या मजल्यावर फोन जोडून दोन्ही स्विचची मॅक टेबलं वाचा. दोन स्विचमधल्या दुव्याच्या दोन्ही टोकांना व्हीलॅन २० आणि ३० टॅग्ड आहेत का आणि दोन्ही स्विचवर ते तयार केलेले आहेत का, ते पाहा. तरीही उलगडा झाला नाही, तर तीन गोष्टी कळवा: फोनचा मॅक कोणत्या स्विचवर कोणत्या व्हीलॅनमध्ये दिसला, वरच्या स्विचला केबलने जोडलेल्या लॅपटॉपला व्हीलॅन २० चा पत्ता मिळाला की नाही, आणि राउटरवर डिस्कव्हर दिसतो का. वरच्या स्विचचं मॉडेलही लिहा, कारण टॅग्ड आणि अनटॅग्ड सदस्यत्व प्रत्येक कंपनी वेगळ्या पानावर ठेवते आणि काहींमध्ये पीव्हीआयडी (टॅग नसलेली फ्रेम पोर्टवर आल्यास कोणत्या व्हीलॅनची धरायची तो क्रमांक) हा रकाना स्वतंत्रपणे भरावा लागतो.